‘जरा वेळ राहू दे’ म्हणून ठेवलेल्या वस्तू

ती बाटली मीच भरली होती. बोट दाखवायला दुसरं कोणी नाही, त्यामुळे लिहायला मी मोकळी आहे.

उसात मारून उरलेलं तणनाशक होतं. मूळ कॅनला चीर गेलेली, ओसरीच्या फरशीवर काळपट डाग पडायला लागलेला. पाहुण्यांनी आणलेली कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली हाताशी होती. नरसाळं लावलं, ओतलं, झाकण पिळून घट्ट केलं आणि बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. संध्याकाळी भाऊजी शेतात नेणार होते. संध्याकाळी पाऊस आला, भाऊजी गेले नाहीत, मी विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी तीन वर्षांची लेक तीच बाटली दोन्ही हातांनी पोटाशी धरून माझ्यासमोर उभी. ‘आई, उघड ना.’

झाकण तिच्याच्यानं उघडलं नाही, एवढंच आमचं नशीब.

त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हा मी मनातल्या मनात अख्खं घर हिंडले. अंबाजोगाई तालुक्यातलं आमचं घर तसं चारचौघांसारखंच. पुढे माळवदाचं जुनं, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. विषाला, विजेला, पाण्याला घरात ठरलेल्या जागा होत्याच. घोळ व्हायचा तो वस्तू त्या जागेवर नसायची त्या वेळात. ‘जरा वेळ राहू दे’, ‘उद्या उचलू’, ‘आत्ता आलेच’. आम्ही पुढचे दोन महिने ते ‘जरा वेळ’ शोधत बसलो. कसं शोधलं, काय बदललं आणि कुठे अजून गाडी अडलीय, ते क्रमाने सांगते.

पहिलं काम : जमिनीवर बसा

उभ्याने घर बघितलं तर काही दिसत नाही. फरशीवर मांडी घालून बसा आणि तसंच सरकत सरकत एकेका खोलीत जा. लेकराची नजर जिथे असते तिथून बघा. मला बाजेखाली काय सापडलं सांगू? उंदरांच्या औषधाची पुडी, फवारणीच्या पंपाचं नोझल, आणि मामांच्या शुगरच्या गोळ्यांची अर्धी पाकिटपट्टी. मामा म्हणजे माझे सासरे. गोळी उशीखाली ठेवायची त्यांची सवय, तिथून ती खाली घरंगळलेली. शुगरची एखादी गोळीसुद्धा बारक्या लेकराची साखर इतकी खाली आणू शकते की ते बेशुद्ध पडतं. बीपीच्या काही गोळ्याही लेकराला तितक्याच घातक.

सोबत वही घ्या. उचलायच्या वस्तू लगेच उचलू नका, आधी लिहा. वस्तू तिथे कोण ठेवतं आणि का ठेवतं, हेही समोर लिहा. हा ‘का’ महत्त्वाचा आहे. बाटली मोरीत होती, कारण कॅन गळत होता. कॅन घरी होता, कारण शेतात कुलूप लागेल अशी जागा नव्हती. बाटली उचलून काम भागलं नसतं, पुढच्या हंगामात दुसरी आली असती.

दुसरं काम : ‘औषध’ हा शब्द घरातून काढा

यावर लोक हसतात. पण ऐका. आपण कपाशीवर औषध मारतो, सोयाबीनला औषध घालतो, उंदराला औषध ठेवतो, आणि ताप आला की लेकराला म्हणतो, ‘औषध घे, बाळा, गोड आहे.’ एकच शब्द. तीन वर्षांच्या पोरीने त्यातून काय समजावं?

आमच्या घरी आता फवाऱ्याच्या कशालाही ‘विष’ म्हणतात. ‘विष आणलं का?’ ‘विष कुठं ठेवलं?’ सुरुवातीला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चिडल्या, सकाळी सकाळी अभद्र कशाला बोलायचं म्हणून. पण गंमत अशी झाली की शब्द बदलल्यावर मोठ्या माणसांचेच हात जरा बिचकायला लागले. विषाची बाटली मोरीत ठेव, असं तोंडातून सहज निघत नाही.

मग बाटल्यांकडे वळा. नियम एकच आणि त्याला अपवाद नाही : विष त्याच्या मूळ डब्यातून दुसऱ्या कशात जाणार नाही. पाण्याच्या बाटलीत नाही, दारूच्या नाही, तेलाच्या डब्यात नाही. डबा गळत असेल तर तो डबाच लेबलासकट एका बादलीत उभा करा आणि बादलीसह शेतातल्या कुलपात ठेवा. लेबल का टिकवायचं, ते पुढे दवाखान्याच्या भागात कळेल.

त्या लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असा समज आमच्याकडे सर्रास आहे. तो चुकीचा आहे. हिरवं म्हणजे चौघांतलं सौम्य, तरीही विषच.

कालवलेल्या विषाकडे तर दुप्पट लक्ष द्या. बरीच कीटकनाशकं पाण्यात पडली की पाणी पांढरंधोप होतं. बादलीतलं ते पाणी बघा एकदा, ताकापेक्षा वेगळं दिसत नाही. पंप भरताना फोन आला म्हणून बादली सोडून बांधापलीकडे जाऊ नका. जायचंच तर बादली पंपात रिकामी करून मग जा.

रिकामे डबे तीनदा विसळायचे, विसळलेलं पाणी पंपातच ओतायचं, मग डब्याला भोकं पाडायची. भोक पाडलं की त्यात रॉकेल, बी-बियाणं, पाणी भरायचा मोहच उरत नाही. आमच्या आत्याबाईंनी असल्या डब्यात वर्षभर ज्वारीचं बी ठेवलेलं निघालं. धुऊन घेतला होता म्हणाल्या. प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं विष धुऊन जात नाही.

जुन्या माळ्यावर चढून एकदा बघाच. थिमेट म्हणून ओळखतो त्या फोरेट या कीटकनाशकावर २०२० सालाअखेरपासून बंदी आहे, पण घराघरांत त्याचे दाणे अजून पुड्यांत निघतात. असलं काही सापडलं तर मोरीत ओतू नका, जाळू नका. कृषी सहायकाला विचारून त्याची वाट लावा, तोवर कुलपात.

तिसरं काम : धान्याची खोली

हा भाग सावकाश वाचा. बाटली निदान डोळ्यांना दिसते.

आपल्याकडे ज्वारी, गहू, तूर वर्षाचं भरून ठेवायची रीत. पावसाळा लागला की सोंडे होतात. मग कोणी तरी शहाणा सांगतो, ‘पोत्यात दोन गोळ्या टाका, वर्षभर किडा बघायचा नाही.’ ती गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. कोणी सेल्फॉस म्हणतं, कोणी नुसतंच ‘धान्याची गोळी’. करड्या रंगाची, तीन ग्रॅमची, बटणाएवढी. तिला हवेतली नुसती ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू निघायला लागतो, एका गोळीतून साधारण एक ग्रॅम. किडे त्या वायूनेच मरतात. माणसंही त्यानेच मरतात. त्यावर उतारा नाही. मोठ्या दवाखान्यातसुद्धा डॉक्टर फक्त हृदय आणि श्वास चालू ठेवायची धडपड करतात.

आता आपलं घर डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्यात माळवद गळतं, म्हणून पोती स्लॅबच्या खोलीत. पाऊस आत येतो, म्हणून खिडक्या बंद. बाहेर झोपता येत नाही, म्हणून लेकरंबाळं त्याच खोलीत, तेही खाली अंथरूण टाकून. वायू हवेपेक्षा थोडा जड असतो. गोणपाटातून तो आरपार येतो, दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. आणि हे एका रात्रीत संपत नाही, गोळी दिवसेंदिवस वायू सोडत राहते. लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो म्हणतात. पण वास येईलच असं नाही, त्यामुळे नाकावर भरवसा ठेवून झोपू नका.

यातलं सगळ्यात फसवं म्हणजे लक्षणं. डोकं दुखतं, मळमळतं, उलट्या होतात, छातीत दाटतं, धाप लागते. घरातल्या दोघातिघांना एकदम उलट्या झाल्या की आपण काय म्हणतो? रात्रीच्या जेवणात काहीतरी आलं. ओवा खातो, लिंबूपाणी घेतो आणि परत त्याच खोलीत जाऊन पडतो. म्हणून हे पाठ करून ठेवा : घरात धान्याला गोळी लावलेली आहे आणि एकापेक्षा जास्त माणसांना मळमळतंय, तर आधी सगळ्यांना बाहेर अंगणात काढा. जेवणाचा विचार नंतर.

ही गोळी घरात वापरायची नाहीच. नियमाने तिचा वापर सरकारी यंत्रणांनी किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रण करणाऱ्यांनी, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायचा आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर सरसकट बंदी आहे. तरी सुट्या गोळ्या कागदात गुंडाळून मिळतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. विकणाऱ्याला नावं ठेवायच्या आधी, मागणारे आपणच आहोत, हेही कबूल करावं लागेल.

आत्ता, हे वाचताना, तुमच्या घरात गोळ्या लावलेली पोती असतील तर? त्या खोलीत आणि लगतच्या खोल्यांत आजपासून झोपणं बंद. माणसं, कुत्रं-मांजर, शेळ्या, सगळे बाहेर. जमलं तर दारं-खिडक्या बाहेरच्या बाजूने उघडा, आत रेंगाळू नका. गोळ्या किंवा त्यांची उरलेली करडी भुकटी हाताने वेचू नका, तिच्यावर पाणी तर चुकूनही ओतू नका. पाण्याने वायू भसकन निघतो. किती तासांनी आत जायचं, हा हिशेब घरी बसून करू नका, कीडनियंत्रणाच्या जाणत्या माणसाला बोलवा.

मग धान्य टिकवायचं कसं? आमच्याकडे आता असं चालतं. धान्य खडखडीत वाळवायचं. ज्वारीचा दाणा दाताखाली घेतला की कट् असा आवाज आला पाहिजे, मऊ दबला तर अजून दोन उन्हं. वाळलेलं धान्य गार झाल्यावर भरायचं, गरम भरलं की आत घाम धरतं. खाण्यापुरतं हवाबंद पिशव्यांत, म्हणजे आत जाड प्लॅस्टिकचा थर असलेल्या. आतली हवा दाबून काढून तोंड पिळून बांधलं की किड्यांना श्वासच मिळत नाही. कुठे मिळतात ते कृषी विज्ञान केंद्रात विचारा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब. तुरीची डाळ करून तिला एरंडेल चोळून ठेवतो. कडुलिंबाचा पाला घालायला हरकत नाही, पण तो किडे मारत नाही, फार तर थोडे लांब ठेवतो. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे आम्ही वर्षाचं भरणं सोडलं. पावसाळ्यापुरतं ठेवतो, उरलेलं विकतो. थोडे सोंडे होतात. चाळतो, ऊन दाखवतो, खातो.

बियाण्याचंही बघून घ्या. पेरून उरलेलं, लाल-गुलाबी रंग लावलेलं बी खाण्याच्या धान्यात मिसळू नका, कोंबड्यांनाही टाकू नका. तो रंग त्यासाठीच असतो.

चौथं काम : शेतातून येणारं माणूस

फवारून आलेला बाप दारात आला की लेकरू पळत जाऊन मांडीला मिठी मारतं. त्या पँटवर दिवसभराचं विष असतं. यावर आम्ही बरंच डोकं खाजवलं. शेवटी गोठ्याजवळ एक हौदी, साबण आणि स्वच्छ कपड्यांची पिशवी टांगली. अंघोळ तिथेच, कपडे बदलून मगच ओसरी. ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवायचे नाहीत, वेगळे धुवायचे, आणि धुणाऱ्या बाईच्या हातांत हातमोजे. माझ्या, म्हणजे. आतापर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ज्यांना हे फार सोवळं वाटतं त्यांनी २०१७ सालचं यवतमाळ आठवावं. नुसत्या फवारणीत अंगावर आणि श्वासात गेलेल्या विषाने तिथे वीसहून जास्त माणसं गेली. कोणी घोटभरही प्यायलं नव्हतं. तो जिल्हा आमच्या नांदेडला लागूनच आहे आणि कपाशीही तीच.

पाचवं काम : पाणी आणि कूलर

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून इकडे रिकामं भांडं दिसलं की जिवाची घालमेल होते. नळ आठ-आठ दिवसांनी येतो, मग टाकी, ड्रम, घागरी, बादल्या, टोपली सोडून सगळं भरतो. रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं लेकरू अर्ध्या बादलीतही बुडतं. त्याचं डोकं जड असतं, वाकलं की उलटं आत जातं आणि परत वर येत नाही. आवाज होत नाही. आपण ‘खेळतंय’ म्हणून भाकरी थापत राहतो.

ड्रमला झाकण, झाकणावर दगड नको, बांधायची दोरी हवी. हौदावर लोखंडी जाळी. वापरून झालेली बादली पालथी. लेकरू बुडालेलं सापडलं तर उलटं टांगून पोट दाबू नका. तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं हे आधीच शिकून ठेवा, कारण त्या वेळी शिकता येत नाही.

कूलर. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे पत्र्याचा कूलर म्हणजे घरातलं एक माणूसच. चालू कूलरमध्ये ओल्या पायांनी पाणी ओतणं हे आम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. आधी पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही, मग पाणी ओतायचं. पायात चप्पल. लेकराला त्या पत्र्याला हात लावू द्यायचा नाही. घराला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या, नुसत्या तीन भोकांच्या सॉकेटवरून कळत नाही, आमच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. एमसीबी बसवलाय म्हणून निश्चिंत राहू नका, तो वायर जळण्यापासून वाचवतो. शॉक बसताना वीज तोडणारं यंत्र वेगळं, आरसीसीबी. घरासाठी तीस मिलिअँपिअरचा मागा आणि महिन्यातून एकदा त्यावरचं चाचणीचं बटण दाबून बघा. कोणी चिकटलंच तर धरून ओढू नका, आधी मेन बंद.

मळणीयंत्राजवळ पदर आणि ओढणी खोचून घ्या. ट्रॅक्टर मागे घेताना एकाने खाली उतरून लेकरं मोजावीत. यावर जास्त लिहायला नको, प्रत्येक गावाला एक तरी घर आठवेल.

तरीही झालंच तर

विष पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. हे आपल्या अंगवळणी पडलेल्या उपायाच्या अगदी उलट आहे. मिठाचं पाणी, दूध, तूप, ताक, चिंचेचं पाणी, काहीही नाही. तेलकट विष उलटीबरोबर फुप्फुसात शिरतं, आणि मिठाचं पाणी लेकराला स्वतःच मारू शकतं.

१०८ लावा, गाडी हाताशी असेल तर वाट बघू नका. अंगावरचे कपडे काढा, कातडीवर सांडलं असेल तर साबणपाण्याने धुवा, डोळ्यात गेलं असेल तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याची धार. हे करणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर. धान्याची गोळी गिळली असेल तर गाडीच्या काचा उघड्या ठेवा, कारण उलटीतून आणि श्वासातूनही तोच वायू येतो.

आणि डबा सोबत न्या. मूळ डबा, लेबलासकट, पिशवीत गुंडाळून. लेबलवर नेमकं विष कोणतं आणि उतारा काय, हे छापलेलं असतं. काही विषांवर ॲट्रोपिन चालतं, पॅराक्वाट नावाच्या तणनाशकावर काहीच चालत नाही. माझी कोल्ड्रिंकची बाटली मी डॉक्टरांसमोर ठेवली असती तर त्यांना काय कळलं असतं? दिल्लीच्या एम्समध्ये विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७, चोवीस तास, फुकट. डॉक्टरही तिथे विचारू शकतात.

लेकरू ‘बरं दिसतंय’ म्हणून घरी थांबू नका. पॅराक्वाट प्यायलेलं माणूस एक-दोन दिवस बोलतं, चालतं, आणि मग फुप्फुसं जातात. व्हेंटिलेटर जवळात जवळ कुठे आहे, हे आजच विचारून ठेवा. आमच्यासाठी अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज, कोणाला लातूर, कोणाला नांदेड, कोणाला संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय जवळ पडेल.

घरात हे बोलायचं कसं

हे मला सगळ्यात अवघड गेलं. मामा म्हणाले, ‘आमचं आयुष्य गेलं ह्यात, काय झालं?’ सत्तरीच्या माणसाला तुम्ही निष्काळजी आहात असं सुनेने सांगायचं नसतं, आणि ते खरंही नव्हतं. मी वहीचं पहिलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यावर पहिल्या ओळीत माझं नाव होतं : कोल्ड्रिंकची बाटली, मोरी, ठेवणार मी. त्यांनी चष्मा लावला, सगळं वाचलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उशीखालच्या गोळ्या देवघरावरच्या फळीवर गेल्या होत्या. आठवड्याने शेतातल्या खोलीत लोखंडी पेटी आली, किल्ली मामांच्या करगोट्याला.

वही अजून पूर्ण खोडून झालेली नाही. सॉकेटच्या तिसऱ्या भोकाचं काम राहिलंय. वायरमन सोमवारी येतो म्हणालाय. ‘सोमवारपर्यंत चालू द्या की’, असं काल भाऊजी म्हणाले. मी कूलरची पिन काढून डब्यात ठेवली आहे. रात्री सगळे अंगणात झोपतोय.